आतला पांढरा गोळा

त्या गल्लीत कातारी एकच होता, त्यामुळे त्याला नावाने हाक मारण्याची वेळ क्वचितच येई. जिन्याच्या कठड्याचे खांब, दारांच्या मुठी, खाटेचे पाय, बुद्धिबळाची प्यादी, भोवरे, मणी, असे जे जे लाकडाचे आणि जे जे गोल, ते ते त्याच्याच लेथवरून उतरलेले असे. समोरासमोर सगळे त्याला अण्णा म्हणत आणि पाठीमागे गोळेअण्णा. हे दुसरे नाव आपल्या कानावर आलेलेच नाही असे तो दाखवी, कारण मनातून ते त्याला आवडत असे.

दुकान म्हणजे रस्त्याच्या अंगाला उघडणारी एक लांबट खोली. दाराशी लेथ, त्याखाली पायाने हाणायची पट्टी, भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेल्या पटाश्या, आणि लेथच्या उजव्या हाताला एक जाड काच. या काचेवर त्याचा पहिला नेम उभा होता. गोळा उतरला की तो काचेवर सोडायचा. सरळ गेला तर गोळा, वाकडा गेला तर सरपण. त्याबाबत दयामाया नव्हती. दुसरा नेम रंगाचा. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडाला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडात जिरते. मग वाळलेल्या पानाने घोटले की अशी चकाकी येते की नातवंडे मोठी झाली तरी जात नाही. मात्र हे सारे लाकूड फिरते आहे तोवर. लेथवरून जिन्नस उतरला, की रंगाचा विषय संपला. त्यामुळे कोणता भाग कुठे बसणार आणि कोणत्या रंगाचा होणार, हे त्याच्याकडे पहिली पटाशी लावण्याआधीच ठरलेले असे.

या दोन नेमांच्या बळावर त्याने उभे आयुष्य काढले होते आणि त्याच्या दुकानातून गेलेला जिन्नस कधी परत आला नव्हता. ही गोष्ट तो कोणाला सांगत नसे. सांगण्याची गरजही नव्हती. ती त्याच्या चालण्यात दिसत असे.

त्याला चिडवण्याचा हक्क जगात एकाच माणसाकडे होता, तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा मेहुणा घरे रंगवणारा रंगारी. संध्याकाळी कामावरून परतताना तो दुकानाच्या पायरीवर टेके, बादली बाजूला ठेवी आणि बहिणीच्या हातच्या चहाची वाट पाहत भाऊजींच्या नेमांची हजेरी घेई. आधी रंग आणि मग जोडणी, ही रीत त्याला मुळीच पटत नसे. तो म्हणे, "दाजी, तुमचं म्हणजे नवरी ठरायच्या आधी पत्रिका छापून घ्यायचं काम." त्यावर कातारी उत्तर देई की ब्रशने फासलेला रंग पहिल्या नखाला उडतो आणि फासणारा त्याच्याही आधी उडतो. मेहुणा मनापासून हसे. रोजचे होते ते.

अशा या माणसाकडे एके सकाळी रस्त्याच्या टोकाच्या संशोधन संस्थेतल्या डॉक्टरबाई आल्या. त्या रोग्यांच्या डॉक्टर नव्हेत, पेशींच्या. वर्षातून एकदा संस्थेची दारे गावाला उघडी असत आणि त्या दिवशी येणाऱ्या लोकांना हातात धरून पाहता येईल असे काहीतरी त्यांना हवे होते. गर्भाचे अगदी पहिले दिवस, म्हणजे एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ होतात आणि मग त्यांचा एक घोस तयार होतो, ते लाकडी गोळ्यांनी दाखवायचे. त्यांनी सांगितले की यातल्या काही पेशींपासून पुढे वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारे आवरण, तयार होते, काहींपासून बाळ. आणि बाळ होणाऱ्या पेशींतूनच मग रक्त, हाड, कातडी, मेंदू सारे घडते. एवढे बोलून त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि आपल्या पेशींना खाऊ घालायची वेळ झाली म्हणून त्या घाईने निघून गेल्या. सांगण्याचा महत्त्वाचा अर्धा भाग त्यांच्या ओठांवरच राहिला. कातारी दारात उभा राहून बराच वेळ पाहत होता. खाऊ घालावे लागणारे एवढे लहान जनावर त्याने आजवर ऐकले नव्हते.

काम मात्र त्याला मनापासून आवडले. ऐकलेल्या अर्ध्या भागावर त्याने आपली बुद्धी चालवली आणि ती त्याच्या धंद्याच्या रीतीने चालली. ज्याअर्थी शेवटी रक्त, हाड आणि मेंदू होणार, त्याअर्थी ते पहिल्या पेशीतही असणारच. म्हणून पहिल्या मोठ्या गोळ्यावर त्याने एकाखाली एक असे आठ रंग चढवले: तांबडा रक्ताचा, हस्तिदंती हाडाचा, जांभळा मेंदूचा, तपकिरी वारेचा, आणि असेच आणखी चार. दोन गोळ्यांवर त्यातले निम्मे निम्मे पट्टे. चारांवर त्याच्या निम्मे. आठ गोळे झाले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एकेक स्वच्छ रंग आला आणि हिशेब असा चोख जुळला की त्याने बायकोला हाक मारून दाखवला. तिलाही तो फार सुरेख वाटला. मेहुण्यानेसुद्धा त्या दिवशी थट्टा केली नाही.

डॉक्टरबाईंनी संस्थेत त्याने नेलेली गोळ्यांची पेटी उघडली तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग हसल्याबद्दल त्यांना फार वाईट वाटले. "काका," त्या म्हणाल्या, "इतकं सुंदर चुकलेलं काम मी आजवर बघितलं नाही."

चूक त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि ती खरोखरच निम्मी त्यांची होती. या पहिल्या आठ पेशींत कोण काय होणार हे ठरलेलेच नसते, असे त्यांनी समजावून सांगितले. सगळ्या सारख्या. यातली कोणतीही वार होऊ शकते, कोणतीही बाळ. पुढे घोस वाढतो तेव्हा काही पेशी बाहेरच्या बाजूला राहतात, काही आत झाकल्या जातात. ज्यांची एक बाजू उघड्यावर असते त्या आवरणाच्या वाटेला लागतात. ज्यांना चारी बाजूंनी शेजारीच असतात त्या आत राहून बाळाच्या वाटेला. आतल्याला बाहेर सरकवले आणि वेळ टळलेली नसली, तर ती मुकाट्याने बाहेरची होते. "रंग आधी नसतो, काका. आधी जागा असते. मग रंग."

"लेथवरून उतरलेल्या लाकडाला लाख चढत नाही, बाई," कातारी म्हणाला.

बाईंना ती पेटी आपल्या टेबलावर ठेवायची होती. त्यांनी फार आग्रह केला. पण चुकलेले काम दुसऱ्याच्या घरी ठेवण्याइतका कातारी मोठा किंवा लहान नव्हता. पेटी काखेत मारून तो भर बाजारातून घरी आला आणि त्या दिवशी प्रथमच आपला जिन्नस परत आणणारा माणूस म्हणून स्वतःच्या दुकानाची पायरी चढला. खुला दिवस तोंडावर आला होता. दुसऱ्या कोणाकडून प्लास्टिकचे गोळे आणता येतील, त्रास करून घेऊ नका, असे बाईंनी सौजन्याने म्हटले होते; ते सौजन्यच त्याला अधिक झोंबले. आता प्रश्न एवढाच उरला होता: त्या टेबलावर त्याचे लाकूड असणार, की कोणाचे प्लास्टिक.

बायको लोकर रंगवण्याचे काम करी. मागच्या अंगणात तिची भट्टी आणि रंगाची पातेली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि बाईंचे म्हणणे तिला क्षणात पटले, ही गोष्ट कातार्‍याला जरा लागलीच. आपल्या हाताला जन्मापासून गोल कळत होता असे तो नेहमी म्हणे. बायकोने आठवण करून दिली की तो शिंप्याचा मुलगा. घरात आजारपण होते म्हणून लहानपणी त्याला मावशीकडे धाडले, मावशीच्या यजमानांची लेथ होती आणि पट्टी हाणायला एक पाय हवा होता. "तेव्हा तुम्हाला मावशीकडे न धाडता आत्याकडे धाडलं असतं, तर आज आत्याच्या दिरासारखे तुम्ही दात काढत बसला असता लोकांचे," ती म्हणाली, आणि वर, "तेही चांगलेच काढले असते म्हणा."

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या निमंत्रणावरून प्रयोगशाळेत गेला. बूट काढून कापडी मोजे चढवायला लावले, डोक्यावर टोपी आली, आणि एका थंड, स्वच्छ, कोणत्याही वस्तूवर धूळ नसलेल्या खोलीत त्याला उभे केले. लाकडाच्या भुशात जन्म गेलेल्या माणसाला तिथे श्वास सोडायचीही चोरी वाटली. बाईंनी त्याला पडद्यावर उंदराच्या गर्भाचे चलच्चित्र दाखवले. आठ पेशी द्राक्षांच्या घडासारख्या, वेगवेगळ्या, अशा नितळ गोल की कातार्‍याच्या तोंडून कौतुकाचा उद्गार निघाला. पण पाहता पाहता त्या एकमेकींना बिलगू लागल्या. त्यांच्यामधल्या खाचा बुजल्या, कडा दिसेनाशा झाल्या आणि आठ गोळ्यांचा एकच गोळा झाला. "बिघडलं," कातारी खेदाने म्हणाला. बाई म्हणाल्या की बिघडले नाही, इथूनच तर सगळे सुरू होते. त्याने मान डोलावली, पण नजर मात्र आधीच्या द्राक्षांकडेच होती.

मग बाईंनी त्याला आपल्या मूळपेशी दाखवल्या. घोसाच्या आतल्या पेशी वेळीच काढून बशीत वाढवल्या की त्या कित्येक पिढ्या तशाच, काहीही न ठरवता, राहू शकतात. आणि त्यांना तसे ठेवणे हीच बाईंची रोजची नोकरी. त्यांचे खाणेपिणे जरा चुकले, गर्दी जरा वाढली, की त्या लगेच काहीतरी होऊन बसतात. आमच्या घरीही एक आहेत, कातारी म्हणाला, मेहुणे. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही आणि खाणंपिणं मात्र चोख चालू आहे. बाईंना ते वाक्य इतके आवडले की त्यांनी ते शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ऐकवले.

निघता निघता त्यांनी एक बशी भिंगाखाली ठेवली आणि त्याला पाहायला सांगितले. ह्याच मूळपेशी, यांना काही दिवस वेगळे खाद्य दिले, एवढेच. कातारी वाकला. आधी काही कळेना. मग त्या फिक्या पापुद्र्याचा एक तुकडा हलला. थांबला. पुन्हा हलला. ना त्याला कोणी धक्का देत होते, ना वारा होता. हृदयाच्या पेशी आहेत त्या, बाई म्हणाल्या, आणि हृदय नसले तरी त्यांना धडधडायचे माहीत आहे. कातारी बराच वेळ तसाच वाकून उभा होता. बाईंचे लक्ष गेले तेव्हा त्याचा उजवा पाय मोज्यातल्या मोज्यात जमिनीवर पट्टी हाणत होता, नेमका त्या बशीच्या ठेक्यावर. त्याने डोके वर काढले आणि इतकेच विचारले, "आणि या काल काहीच नव्हत्या?"

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. आता हे काम कसेबसे उरकून चालणार नव्हते. ते बरोबर व्हायला हवे होते. पांढरे, कोरे गोळे त्याने उतरवले. एका गोळ्याभोवती तसेच गोळे रचून पाहिले, तेव्हा असे आढळले की एकाला चहूबाजूंनी बाराच टेकतात, तेरावा काही केल्या टेकत नाही. म्हणजे आत एक, बाहेर बारा. घोस तर झाला. रंगाचे काय?

मेहुण्याने आपली सेवा तत्परतेने देऊ केली. "तुम्ही जोडा, मी बाहेरून ब्रश मारतो. आतल्याला लागायचाच नाही. ह्यात डोकं कुठे लावायचंय, दाजी?"

कातारी नाही म्हणाला. मेहुण्याला वाटले की हा जुनाच हट्ट. भाऊजींच्या दुकानात ब्रश शिरला तर छप्पर कोसळेल. पण या वेळी कारण निराळे होते आणि ते सांगताना कातार्‍यालाच ते पुरते उमगले. "तू ब्रश धरलास तर रंग कुणाला द्यायचा ते तू ठरवणार. बाई म्हणतात तिथे ब्रश धरणारा कुणी नाहीच. ज्याची त्याची जागाच ठरवते."

मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला. "मग कठीण आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात थट्टा नव्हती.

मार्ग निघाला तो भांडणातून. खुल्या दिवसाच्या विचारात बुडालेल्या नवऱ्याला बायकोने निदान हाताला काम म्हणून लोकरीच्या लडी बांधायला बसवले होते. लड सैल बांधायची असते, म्हणजे रंग सगळीकडे पोचतो. त्याने मात्र लेथचा पट्टा आवळावा तशा त्या आवळल्या. दुपारी भट्टीतून लडी निघाल्या, वाळत घालायला सोडल्या आणि अंगणातून हाक आली; तिच्यात "अहो" एवढाच शब्द होता, पण त्या शब्दाला सगळे घर ओळखत होते. कातारी गेला. बायकोने त्याच्या अंगावर एक लड टाकली. बाहेरून गडद निळी, आणि गाठीच्या आत पांढरीशुभ्र.

"ही कोणाला विकू मी? तुमच्या डॉक्टरबाईंना?"

कातारी लड उलगडून पाहत होता. आत पांढरी. बाहेर निळी. कोणी ठरवले नव्हते; जिथे रंगाला वाट मिळाली तिथे तो गेला होता आणि जिथे शेजारच्या धाग्यांनी वाट अडवली तिथे गेला नव्हता. तो म्हणाला की होय, त्यांनाच. बायकोने कपाळाला हात लावला. पण तो लड घेऊन दुकानाकडे पळाला तेव्हा तीही पदराला हात पुसत मागोमाग आली.

तेरा कोरे गोळे जाळीच्या पिशवीत आवळून निळ्या रंगात बुडवले. उत्साह फार होता, फळ थोडे. बाहेरचे गोळे निळे झाले खरे, पण आतला गोवर उठल्यासारखा निघाला. गोल गोळ्यांच्या मधल्या फटींतून रंग सरळ आत पोचत होता. मग बायकोने रंगात खळ घालून तो दाट केला. गोवर कमी झाला, गेला नाही. पिशवी आणखी आवळली. जाळी तुटली आणि तेराही गोळे दुकानभर पळाले. त्यातले सगळे सरळ रेषेत पळाले, हे पाहून त्या धांदलीतही कातार्‍याला बरे वाटले.

पण तीच तर अडचण होती. गोल वस्तू दुसऱ्या गोल वस्तूला एका बिंदूत टेकते. त्यापलीकडे तिचा शेजाऱ्याशी संबंध नाही. पडद्यावर पाहिलेल्या त्या द्राक्षांनी काय केले होते, हे आता त्याला आठवले, आणि ज्याला आपण बिघडणे म्हणालो ते कशासाठी होते, तेही कळले. आत आणि बाहेर असा भेद पडायचा तर आधी बिलगायला हवे. बिलगायचे तर गोलाई सोडायला हवी.

त्याने कानस काढली. नवा, कोरा, काचेवर सरळ गेलेला एक गोळा शिकंज्यात धरला आणि कानस त्याच्यावर टेकवून तो तसाच बसून राहिला. आयुष्यात त्याने वाकड्याचे गोल केले होते. गोलाचे वाकडे कधी केले नव्हते. बायको खळीचे भांडे घासून आली तरी कानस हललेली नव्हती.

"होत नाही माझ्याच्यानं," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिने गोळ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. आपल्या लग्नानंतरचे पहिले वर्ष, तेव्हाचा हा माणूस, ह्याची घडी न मोडलेली चादर आणि ओळीत लावलेल्या चपला, सारे तिच्या डोळ्यांपुढून गेले असावे, कारण ती हसली. "अहो, शेजाऱ्याला टेकायला जागा तरी द्या त्याला," ती म्हणाली. "बाकी राहतोच की तो गोल."

कातार्‍याने कानस चालवली.

त्यातही तो शेवटी तोच माणूस होता. वाटेल तसे घासणे त्याला शक्य नव्हते. जिथे जिथे शेजारी टेकतो तिथे तिथे, सगळीकडे सारख्याच खोलीची सपाटी यावी, म्हणून त्याने लाकडाचा एक साचा केला आणि त्यात धरून प्रत्येक गोळा घासला. त्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली: तेराही गोळे एकसारखे झाले, कोणताही कुठेही बसू लागला. आता घोस आवळला की फटी जवळजवळ मिटत. मेहुण्याने जाळीला जाड सुताचे दुहेरी विणकाम करून आणले. ब्रश नाही तर नाही, पण कामात आपले बोट असलेच पाहिजे, असा त्याचा बाणा होता. दाट रंगात घोस बुडवला, लगेच वर काढला, गाठ सोडली. आतला गोळा पांढरा निघाला. मग मेहुण्याने तो उचलून दिव्याखाली धरला, चारी बाजूंनी फिरवला आणि अतिशय गंभीरपणे तो काचेवर सोडला. सपाट्यांमुळे गोळा दोन कोलांट्या घेऊन बसला. "वाकडा गेला, दाजी. सरपण." त्यावर कातारी इतका हसला की त्याला लेथचा आधार घ्यावा लागला.

बाईंनी तो घोस पाहिला तेव्हा त्यांनी आधी बाहेरचा एक गोळा हातात घेतला. त्याची फक्त उघडी बाजू निळी होती, शेजाऱ्यांना टेकलेल्या बाजू पांढऱ्या. त्या म्हणाल्या की खऱ्या पेशीतही नेमके असेच होते, उघड्यावरच्या बाजूला एक वेगळी टोपी चढते आणि तिथूनच तिची वाट ठरू लागते. हे दाखवायचे कसे, हा विचार त्यांनी केव्हाच सोडून दिला होता. आणि रंग? ओला असेपर्यंत धुऊन निघतो, कातारी म्हणाला, वाळला की नाही. "मग तर शिकवायला माझ्याकडे काही उरलंच नाही," बाई म्हणाल्या. पण ते सौजन्य होते, कारण पुढचा तासभर त्यांनीच शिकवले. आतल्या पेशींचीही पुढे आपसांत पुन्हा निवड होते, आधी दोन प्रकार तीळतांदळासारखे मिसळलेले असतात आणि मग आपापल्या जागी सरकतात, हे त्यांनी सांगितले आणि कातारी ते एखाद्या नातलगाच्या घरची बातमी ऐकावी तसा ऐकत राहिला.

खुल्या दिवशी टेबलावर लाकूड होते. बाजूला निळ्या रंगाची घमेली, स्वच्छ पाण्याची बादली, आणि कोऱ्या गोळ्यांनी भरलेली परडी. बाईंनी कातार्‍याला टेबलामागे उभे केले होते. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. बायको रंग ढवळत होती. लोकांनी स्वतःच्या हाताने घोस आवळायचा, बुडवायचा, आणि सोडून पाहायचे. पहिल्या घोसाच्या वेळी कातार्‍याच्या हातांनी जाळीची वीण पुन्हा एकदा चाचपली. गाठ सुटली, निळे गोळे बाजूला झाले, आणि मधला पांढरा दिसला तेव्हा जमलेल्यांतून जो आवाज उठला, तो त्याला आपल्या सगळ्या घोटलेल्या लाखेपेक्षा चकचकीत वाटला.

गर्दी वाढली. बाई एकेकाला सांगत होत्या की हा आतला पांढरा म्हणजे आपण सगळे. तुम्ही, मी, मागे उभे आहेत ते काका, सगळे एकदा तिथे होतो. एका आजींनी तो गोळा दोन्ही हातांत धरला आणि परत द्यायला त्यांना जरा वेळ लागला. मेहुणा रांग लावत होता आणि रांगेतल्या प्रत्येकाला, जाळी आपण विणली आहे, हे सांगत होता.

तेवढ्यात एक निवृत्त न्यायाधीश पुढे आले. काठी टेबलाला टेकवून त्यांनी दोन घोस पाहिले आणि हरकत घेतली. आत ठेवलेला गोळा मुळातच वेगळा असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला आधीच मेण वगैरे लावलेले असणार, एरवी हे शक्य नाही. कातार्‍याने वाद घातला नाही. परडी त्यांच्यापुढे सरकवली आणि मधला गोळा तुम्हीच निवडा म्हणाला. न्यायाधीशांनी निवडला. पांढरा निघाला. त्यांनी बाहेरचा एक निळा गोळा बादलीत धुऊन मागितला, तो आत घातला. तोही पांढरा राहिला आणि मघाचा पांढरा या वेळी बाहेर बसून निळा झाला. मग त्यांनी परडी तळापर्यंत ढवळून सर्वांत गाठाळ लाकडाचा गोळा काढला आणि विजयी मुद्रेने मध्ये ठेवला. गाठ सोडण्याचा मान त्यांनाच दिला. पांढराशुभ्र.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या तोंडावर एक लहान मुलासारखे हसू पसरले आणि त्यांनी दोन्ही बाह्या वर सारल्या. आता त्यांना रीतसर, पहिल्यापासून, स्वतःचा घोस करायचा होता आणि त्यासाठी उत्तमातले उत्तम गोळे हवे होते. परडीतले दोन गोळे कातार्‍यापुढे धरून त्यांनी विचारले, "तुम्ही बनवलेत ना हे? मग तुम्हीच सांगा. यातला बाळ कुठला आणि वार कुठली?"

कातार्‍याने दोन्ही गोळ्यांकडे पाहिले. त्याच्या हातचे होते. रेषा न् रेषा ओळखीची.

"मला काय ठाऊक, साहेब," तो आनंदाने म्हणाला. "अजून ठरलंय कुठे? आधी बिलगू तर द्या त्यांना."